लायनक्स लॅपटॉपचं बायोस अपडेट, रिमोटची भानगड अन् आमच्या गावची लाईन

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. गावच्या अभ्यासिकेत सात-आठ जुने लॅपटॉप आहेत, नोकरीला लागलेल्या पोरांनी वर्गणी करून सेकंडहँड घेतलेले, सगळ्यांवर विंडोजऐवजी उबंटू नावाचं लायनक्स टाकलेलं कारण फुकट आहे आणि व्हायरसची कटकट फारशी नाही. पोलीस भरती, तलाठी भरतीवाले पोट्टे त्याच्यावर सराव पेपर सोडवतात. आता यातल्या बऱ्याच लॅपटॉपचं एकच दुखणं, झाकण लावलं की झोपतात ते उठतच नाहीत, मग पॉवर बटन दाबून धरा, परत सुरू करा, तोवर अर्धा सोडवलेला पेपर गेलेला आणि पोट्टा माझ्या तोंडाकडे पाहून रायला की "काऊन भाऊ, हे असंच चालन काय?"

शोधलं तर त्या मॉडेलच्या नव्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामच्या) माहितीत नेमकं हेच दुरुस्त केल्याचं लिहिलेलं होतं. पण तेवढ्यासाठी विंडोज टाकायचं नव्हतं. लायनक्समधे यासाठी एफडब्ल्यूयूपीडी नावाचा प्रोग्राम असतो, उबंटूत बहुतेक वेळा आधीच टाकलेला असतो, टर्मिनलमधे, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्याची कमांड शेवटी एमजीआर लावून लिहायची. मी गेट-अपडेट्स मारलं तर त्यानं सरळच सांगितलं, एकही रिमोट चालू नाही म्हणून यादीच उपलब्ध नाही. ज्यानं लॅपटॉप विकले त्यानं का बंद करून ठेवलं होतं देव जाणे.

तर हे रिमोट म्हणजे ईटीसी या सिस्टीमच्या फोल्डरमधल्या एफडब्ल्यूयूपीडीच्या फोल्डरात रिमोट्स-डॉट-डी नावाचं फोल्डर असतं, त्यातल्या छोट्या छोट्या टेक्स्ट फायली. फर्मवेअरची, म्हणजे बायोससारख्या मशीनच्या आतल्या सॉफ्टवेअरची, यादी कुठून आणायची एवढंच त्यात असतं. मेटाडेटा-यूआरआय या ओळीत पत्ता, आणि एनेबल्ड या ओळीत ट्रू नाही तर फॉल्स. फाईल हातानं उघडून बदलता येते, पण एनेबल-रिमोट एलव्हीएफएस ही कमांड मारणं बरं (एलव्हीएफएस म्हणजे कंपन्या फर्मवेअर ठेवतात ती साईट, तिचाच हा रिमोट), कारण ती आधी एक सूचना दाखवते आणि हो-नाही विचारते. ती सूचना वाचा बावा. त्यात लिहिलेलं असतं की फर्मवेअर मूळ कंपनीच देते, तुमच्या लायनक्सवाल्यांनी ते तपासलेलं असेलच असं नाही.

आमच्या समितीतल्या गुरुजींनी तिथंच अडवलं, "कोणाचं दुकान आहे हे, भरवशाचं आहे काय?" प्रश्न बरोबर होता. एलव्हीएफएस ही सेवा आणि हा प्रोग्राम दोन्ही रेड हॅट या लायनक्सवाल्या कंपनीच्या रिचर्ड ह्यूजेस यांनी सुरू केलं, 2015 च्या आसपास, आणि 2019 पासून सेवा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे. डेल, लेनोवोसारख्या कंपन्या स्वतःच्या फायली स्वतः तिथं चढवतात. यादीवर आणि फायलीवर डिजिटल सही असते, ती जुळली नाही तर प्रोग्राम फाईल घेतच नाही, त्यामुळे कोणी व्हॉट्सॲपवर पाठवलेली भलतीच फाईल अशी सहजासहजी आत जात नाही. गुरुजींचं समाधान झालं.

पुतण्या म्हणे टेस्टिंगवाला रिमोटही चालू करू, त्याच्यात अजून नवीन माल असतो. मी म्हटलं राहू दे. तो कंपनीच्या चाचणीतला माल असतो, बंदच येतो तो, आणि बायोस बिघडलं तर अभ्यासिकेत कोण बसून नीट करणार.

यादी रिफ्रेश केली, अपडेट दिसलं, पण खरी अडचण पुढं. प्रत्येक लॅपटॉपवर तीच मोठी फाईल मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायची म्हणजे दिवसाचा डेटा एकाच मशीनमधे खलास, आणि दुपारी रेंज जी जाते ती संध्याकाळीच येते. म्हणून यवतमाळला मित्राकडं गेलो, एलव्हीएफएसच्या साईटवरून आमच्या मॉडेलांच्या कॅब फायली (फर्मवेअर याच फायलीत बांधलेलं येतं) पेनड्राईव्हमधे घेतल्या आणि गावात येऊन दुसरा रिमोट वापरला. व्हेंडर-डिरेक्टरी नावाचा, तो नेटकडं जातच नाही, यूएसआर-शेअरमधल्या ठरलेल्या फोल्डरात टाकलेल्या कॅब फायली तो स्वतः चाळतो. फायली तिथं टाका, रिमोट चालू करा, बस. एकच लॅपटॉप असेल तर एवढं करायची गरज नाही, इन्स्टॉल म्हणून कॅब फाईल सरळ दिली तरी चालते, पण आमच्याकडं वेगवेगळी मॉडेलं, तर कोणती फाईल कोणत्या मशीनची हे हार्डवेअरवरून तोच ओळखतो, आपल्याला डोकं लावावं लागत नाही.

काही मशीन तरीही नाही म्हणत होत्या, इशारा येई की युईएफआय कॅप्सूल अपडेट, म्हणजे लायनक्सकडून नवं फर्मवेअर घ्यायची सोय, बायोसमधे बंद आहे. बायोसमधे जाऊन चालू करावं लागलं, आणि गंमत म्हणजे आमच्या मॉडेलमधे तो पर्याय विंडोजच्या नावानं होता, लायनक्सवाला माणूस त्याच्याकडं ढुंकून पाहत नाही.

शेवटचा घोळ लाईनचा. फाईल आधी नुसती तयार करून ठेवली जाते, खरं काम रिस्टार्ट झाल्यावर होतं, काळ्या स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह, खाली हळूहळू सरकणारी पट्टी आणि पंखा जोरात. तेव्हा वीज गेली तर मशीन कायमची बसू शकते. चार्जर लावलेला नसेल किंवा बॅटरी फारच कमी असेल तर प्रोग्राम सुरूच करत नाही, ते चांगलंच आहे, पण जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या म्हणजे नावालाच. म्हणून दवाखान्यावाल्या डॉक्टरसाहेबांचा इन्व्हर्टर एका संध्याकाळपुरता मागून आणला आणि एकेक करून सगळे उरकले. एका पट्टीच्या मधातच लाईन गेली, पुतण्या ओरडला, पण इन्व्हर्टरमुळे मशीन काही बंद पडली नाही.

नंतर व्हेंडर-डिरेक्टरी बंद केला, एलव्हीएफएस चालू ठेवला. झाकण लावून उघडलं की आता उठतात. एक लॅपटॉप मात्र राहिला, त्याच्या कंपनीनं त्या मॉडेलचं एलव्हीएफएसवर काहीच ठेवलेलं नाही, तिथं रिमोट कितीही चालू करा, उपयोग शून्य. त्याच्यावर "झाकण लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली आहे, आणि पोट्टे नेमकं त्यालेच झाकण लावतात.