बटण कुणाच्या हातात होतं?

19 जुलै 2024 ला, शुक्रवारी, दुपारी जेवायच्या सुट्टीत भाचीचा विमानतळावरून फोन. "मामा, रांग हलतच नाहीये. सगळे स्क्रीन निळे. तुझं पण हेच काम ना?" तिचं म्हणणं असं, की कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे मामाचाच कुणी आयटीवाला जातभाई सापडणार. हैदराबाद विमानतळावर हाताने लिहिलेल्या बोर्डिंग पासचा फोटो तोवर सगळ्या ग्रुपवर फिरून आला होता.

हा घोळ क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका अपडेटने घातला होता. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात ते नाही, त्यामुळे आम्ही सुटलो. पण मी हसलो नाही, कारण मी हे केलंय.

2018 ची गोष्ट. अँटिव्हायरसच्या कन्सोलवर, म्हणजे सगळ्या मशीनना एका जागेवरून हुकूम सोडायच्या स्क्रीनवर, एक नवा नियम बनवला आणि 'ऑल ग्रुप्स' निवडून सोडून दिला. तारीख 19. दुसऱ्या दिवशी जीएसटी भरायचा. दहा मिनिटांत अकाउंट्सच्या सगळ्या मशीनवर हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली गायब, कारण माझ्या नियमाने टॅलीच व्हायरस ठरली होती. फाइल परत आणायला दोन तास लागले. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिला: आधी दोन मशीनवर लावून पाहायला हवं होतं, पाहिलं नाही.

क्राउडस्ट्राइकची फाइल आपल्या वेळेनुसार सकाळी 9:39 ला सुटली आणि 10:57 ला मागे घेतली. तेवढ्यात विंडोजची सुमारे 85 लाख मशीन आडवी झाली. चूक म्हटली तर हास्यास्पद: नव्या नियमाला 21 रकाने लागत होते, प्रोग्रॅम 20 च देत होता. एकविसावा वाचायला गेला आणि नको त्या मेमरीत हात घातला. हे सगळं विंडोजच्या गाभ्यात चालतं, म्हणून अख्खं मशीनच कोसळलं. बरं, जे सुरूच होत नाही त्याला दुरुस्ती पाठवणार कशी? सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी जुजबी अवस्थेत जा, ती 291 नंबरची फाइल शोधून उडवा, बिटलॉकर म्हणजे डिस्कचं कुलूप असेल तर त्याआधी किल्लीचे 48 आकडे टाइप करा. बहुतेक ठिकाणी एकेका मशीनपुढे बसून.

रकान्यांची चूक कुणाकडूनही होते, त्याबद्दल मी कुणाला फासावर देणार नाही. मला खुपतं ते वेगळंच. बऱ्याच कंपन्यांच्या आयटीवाल्यांनी मूळ सॉफ्टवेअर मुद्दाम एक आवृत्ती मागे ठेवलं होतं, शहाणपणाने. पण ही फाइल त्या सेटिंगला जुमानत नव्हती. ती थेट सगळ्यांकडे एकदम गेली. माझ्याकडे निदान 'दोन मशीन' निवडायची सोय होती. त्यांच्याकडे ते बटणच नव्हतं, आणि तरी त्या शुक्रवारी शिव्या त्यांनीच खाल्ल्या. टप्प्याटप्प्याने सोडायची व्यवस्था कंपनीने नंतर आणली.

भरपाईचं म्हणाल तर डेल्टा एअरलाइन्सने 50 कोटी डॉलरचं नुकसान सांगून कोर्ट गाठलं. क्राउडस्ट्राइकच्या वकिलांचं उत्तर: करारानुसार आमची जबाबदारी एक कोटी डॉलरच्याही आत. मदतीला धावलेल्या भागीदारांना मात्र दहा डॉलरचं खाण्याचं कूपन गेलं, आणि काहींचं तेही चाललं नाही.

आमच्या अकाउंट्सच्या मॅडम अजून दर महिन्याच्या 19 तारखेला माझ्या टेबलापाशी थांबतात. "आज काही टाकत नाहीये ना?"

"नाही मॅडम."

"उद्या?"