पेवात कोण उतरणार?

भुताच्या सिनेमात तळघराचे दार उघडणाऱ्या पात्राविषयी प्रेक्षक जितके कठोर बोलतात, तितके ते आपल्या नगरसेवकाविषयीही बोलत नसावेत. मध्यरात्र झालेली आहे, वीज गेलेली आहे, खालून कोणीतरी नाव घेऊन हाक मारते आहे आणि हा गृहस्थ हातात मेणबत्ती घेऊन एकटाच पायऱ्या उतरतो आहे, हे पाहून आल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या चहाच्या गाड्यावर निदान अर्धा तास पुरेल एवढा संताप जमा झालेला असतो. “मी असतो तर गावच सोडलं असतं,” असे एक जण म्हणतो. दुसरा पोलिसांना का बोलावले नाही असे विचारतो. तिसरा, जो प्रत्येक टोळक्यात असतोच, तो मूळ कादंबरीत ते दार आधीपासून उघडेच होते असे सांगून सर्वांना गप्प करतो. भयकथा, विज्ञानकथा, अद्भुतकथा यांच्या चाहत्यांची ही बोलणी मला मूळ कथेइतकीच, आणि पुष्कळदा तिच्याहून अधिक, आवडतात.

या बोलण्यात एक शिस्त असते, ती बाहेरच्या माणसाला दिसत नाही. ड्रॅगन आग ओकतो याला चाहत्याची काडीमात्र हरकत नसते. पण काल संध्याकाळी डोंगरापलीकडे असलेले सैन्य आज सकाळी वेशीवर कसे येऊन ठेपले, याचा जाब तो वर्षानुवर्षे विचारत राहतो. अशक्य ते सुरुवातीलाच मान्य करून टाकायचे आणि त्यानंतर मात्र एकही पैशाची उधारी द्यायची नाही, असा त्याचा बाणा असतो. कोणता वीर कोणाला हरवील या वादात तो जे पुरावे काढतो, ते पाहता अशा माणसांना भूमी अभिलेख खात्यात नेमावे असे मला कधीकधी वाटते.

‘मी असतो तर’ हे म्हणणे तपासून पाहण्याची सोय मात्र गाड्यावर नसते. ती टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम अशा लांबलचक नावाच्या खेळात असते. आमच्याकडे तो रविवारी दुपारी एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत, मध्ये भडंगाची परात ठेवून, चार-पाच प्रौढ माणसे अत्यंत गंभीरपणे खेळतात. खोलीत फासे आहेत हे कळल्यावर मित्राच्या आईंनी प्रथम पैशांची चौकशी केली, आणि पैसे लावत नाही असे कळल्यावर, मग खेळता कशासाठी, असे विचारले. दोन्ही प्रश्न रास्त होते. महाभारत ऐकत वाढलेल्या घरात फाशांची कीर्ती फारशी चांगली नसते.

खेळाची रीत सांगायला सोपी आहे. एक जण परिस्थिती उभी करतो आणि बाकीचे एकेका पात्राचे कर्तेपण पत्करून आपले पात्र काय करते ते सांगतात. जिथे निकाल संशयास्पद असेल तिथे फासे पडतात, निकाल कथेत मिसळतो आणि गोष्ट पुढे सरकते. डंजन्स अँड ड्रॅगन्स या सर्वांत प्रसिद्ध खेळात प्रत्येक पात्राचे बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप असे सहा गुण आकड्यांत मांडलेले असतात. मूळच्या नियमांनुसार त्यातला प्रत्येक गुण तीन साध्या फाशांच्या बेरजेने ठरत असे, म्हणजे तो ३ ते १८ यांच्या दरम्यान कुठेतरी पडायचा. तिन्ही फाशांवर सहा पडून अठरा होण्याचा योग २१६ वेळांत एकदा येतो, त्यामुळे बहुतेक पात्रे तुमच्याआमच्यासारखी मधल्या आकड्यांवर जन्माला येत. पुढच्या आवृत्त्यांनी या बाबतीत बराच उदारपणा दाखवला. मला जुना कंजूषपणाच पसंत आहे. हल्ल्याचा निकाल लावणारा वीस पैलूंचा फासा मात्र गुणवंतांचीही पत्रास ठेवत नाही. त्याची प्रत्येक बाजू पाच टक्के वेळा वर येते आणि त्यावर एकचा आकडा आला, म्हणजे नामांकित तलवारबहाद्दराचाही वार हुकतो.

हा खेळ अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने, एका खोक्यात घालून, बाजारात आणला. त्याचे मूळ मात्र करमणुकीत नसून लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांना नकाशावरचा युद्धखेळ शिकवला जात होता. त्यात फासे होते, नियमांचे बाड होते आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसत असे. नियम इतके वाढले की लढाईपेक्षा पानेच अधिक उलटावी लागू लागली. तेव्हा १८७६ मध्ये फेर्डी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने, नियम बाजूला ठेवा आणि अनुभवी पंच सांगेल तो निकाल माना, अशी सूचना केली. नियम श्रेष्ठ की पंच, हा त्यावेळी सुरू झालेला तंटा आमच्या गच्चीवर दर रविवारी नव्याने लढला जातो.

त्याच परंपरेतला १९६९ सालचा एक किस्सा मला फार आवडतो. डेव्हिड वेस्ली नावाच्या तरुणाने अमेरिकेतल्या मिनेसोटात युद्धखेळाच्या मित्रांना जमवून एका काल्पनिक जर्मन गावाभोवतीची लढाई मांडली. आणि केवळ सेनापतींनीच का खेळायचे म्हणून काही जणांना गावातल्या लोकांच्या भूमिका दिल्या. लढाई राहिली बाजूला. मंडळी एकमेकांना कोपऱ्यात नेऊन कुजबुजू लागली, गुप्त करार करू लागली, आणि मांडलेले सैन्य तसेच उभे राहिले. खेळ फसला असे वेस्लीला वाटले, तर मित्र पुढचा डाव कधी म्हणून त्याच्या मागे लागले. त्या मित्रांतच आर्नेसन होता. खेळणाऱ्याला लढण्यापेक्षा दुसरे कोणीतरी होऊन बोलण्याची हौस अधिक असते, हे तिथे प्रथम उघड झाले, असे मी समजतो.

पुढे १९७९ मध्ये खेळ चालवणाऱ्यांसाठी जे जाडजूड मार्गदर्शक पुस्तक निघाले, त्याच्या एका परिशिष्टात गायगॅक्सने आपल्याला ज्यांच्या वाचनातून स्फूर्ती मिळाली त्या लेखकांची आणि पुस्तकांची यादीच दिली. हा खेळ मुळात वाचणाऱ्या माणसाने, वाचलेल्यावर समाधान न झाल्यामुळे, केलेला आहे याचा तो कबुलीजबाब होता. चाहत्यांनी ती यादी पवित्र मानून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधमोहिमा काढल्या आणि अमुक लेखक त्यात का नाही यावर अर्थातच भांडणेही केली.

सांगलीकराला खरे तर या साऱ्याचे नवल वाटायला नको. १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तेव्हा पदे लिहिलेली होती, पण पात्रांची भाषणे लिहिलेली नव्हती. सूत्रधार पद गाऊन प्रसंग पुढे ठेवायचा आणि नट आपापल्या कुवतीप्रमाणे त्यावर उत्स्फूर्त बोलायचे. राक्षस झालेले तर बोलण्यापेक्षा आरोळ्यांवरच अधिक भर देत. परिस्थिती सांगणारा एक आणि तिच्यात शिरून आयत्या वेळी बोलणारे बाकीचे, ही मांडणी आमच्या गच्चीवरच्या मांडणीहून फार दूरची नाही. मोठा फरक प्रेक्षकांचा आहे. भाव्यांच्या नटांपुढे दरबार बसलेला होता; आमच्या खोलीत नाटक पाहणारे कोणी नाही, आणि मला विचाराल तर त्यामुळेच पन्नाशीचा व्यापारीही तिथे वेताळाशी घासाघीस करायला लाजत नाही. दर ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करणाऱ्या आणि नट पारखण्याचा पिढीजात हक्क बाळगणाऱ्या या गावात, पारख करणारेच कोणी नसणे ही मोठी सवलत आहे.

आमचा सध्याचा डाव ‘कॉल ऑफ क्थुलू’ या खेळाचा आहे. सँडी पीटरसन यांनी तो १९८१ मध्ये अमेरिकन लेखक एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवरून रचला आणि ‘मी असतो तर’ म्हणणाऱ्यांची खरी परीक्षा तोच घेतो. यात वीर नसतात. हिशेबनीस, प्राध्यापक, पत्रकार असली साधी माणसे असतात आणि त्यांची कौशल्ये टक्केवारीत लिहिलेली असतात. ग्रंथालयात जाऊन हवे ते शोधून काढणे हेसुद्धा तिथे तलवारीच्या तोडीचे, किंबहुना तिच्याहून उपयोगी, कौशल्य मानले जाते. त्याखेरीज प्रत्येकाच्या शुद्धीचा, म्हणजे डोके ताळ्यावर राहण्याचा, एक आकडा असतो. भयंकर काही दिसले की दहा पैलूंचे दोन फासे टाकायचे, आणि पडलेला आकडा आपल्या शुद्धीहून मोठा निघाला तर ती घटते. त्या गूढाविषयीचे ज्ञान जितके वाढेल, तितकी शुद्धीची कमाल मर्यादाच खाली येते, ही त्यातली सर्वांत निर्दय तरतूद.

खेळ चालवणाऱ्याला यात कीपर म्हणतात. आमची कीपर मिरजेहून येणारी एक तरुण वास्तुविशारद आहे आणि तिने १९२० च्या दशकातली अमेरिका जशीच्या तशी न घेता सगळे कथानक १९२९ च्या सांगलीत आणून ठेवले आहे. कृष्णेवर आयर्विन पूल नुकताच उभा राहिलेला, संस्थानी कारभार, टांगे, आणि हरिपुरातले एक हळदीचे पेव, जे तीन वर्षे कोणी उघडलेले नाही. ज्यांनी हरिपूर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे, की पेव म्हणजे हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेले, अरुंद तोंडाचे आणि मोठ्या पोटाचे खोल कोठार. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत अशी पेवे पिढ्यान्‌पिढ्या होती. २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळशी नासवली. परदेशी भयकथेतले तळघर आपल्याकडे कुठून आणायचे, हा प्रश्न तिने असा सोडवला, की ऐकणाऱ्याच्या अंगावर फासे पडायच्या आधीच काटा यावा.

पेवाचे तोंड उघडल्यावर आतून कोणीतरी नाव घेऊन हाक मारली. सिनेमातल्या मूर्खांवर आयुष्यभर तोंडसुख घेतलेली आम्ही मंडळी तिथे उभी होतो.

“कोणीही उतरायचं न्हाई,” हळदीच्या पेढीवर उभी हयात गेलेला आमचा मित्र म्हणाला. “पेव उघडलं की आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसबी विझतो.”

“काका, नियमांत कंदिलाचं काहीच नाहीये,” माझा भाचा पुस्तक चाळत म्हणाला.

“पुस्तक लिव्हणारा हरिपूरला आलावता का?”

कीपरने काकांच्या बाजूने निकाल दिला. कंदील दोराने खाली सोडला गेला आणि तो विझला नाही. कोणीतरी खालून तो हळूच काढून घेतला आणि रिकामा दोर वर आला.

यानंतर संस्थानच्या पोलिसांना कळवणे, पेव पुन्हा मातीने बुजवणे, किंवा टांगा करून मिरज गाठणे, असे सर्व शहाणे मार्ग खुले होते आणि प्रत्येक मार्गावर सविस्तर चर्चाही झाली. मग भाचा म्हणाला, “मामा, मी नुसता वाकून बघतो.” त्याच्या मागे पत्रकार गेला, कारण बातमी त्याची होती. प्राध्यापक गेले, कारण भिंतीवर काही लिहिलेले असल्यास ते वाचणार कोण? शेवटी, कोणीही उतरायचे नाही असे ठणकावून सांगणारे पेढीवरचे काका, जे डावात हिशेबनीस झाले होते, तेही दोराला लटकले. आतल्या मालाचा अंदाज घेतल्याशिवाय त्यांना राहवेना.

तळघराचे दार उघडणाऱ्या पात्राविषयी मला जे कळले आहे ते एवढेच, की त्याला मूर्ख म्हणण्यासाठी बाहेरची खुर्ची लागते. आत असलेल्या माणसाला ते दार म्हणजे आजवर घडलेल्या सगळ्याचा अर्थ वाटतो आणि अर्थ न लावता घरी जाऊन जेवणे त्याला शक्य होत नाही. शिवाय कोणीच उतरले नाही तर खेळ तिथेच संपतो, हे प्रत्येक खेळाडूला मनातून ठाऊक असते. सिनेमातल्या पात्राला ही सबब नाही हे मला मान्य आहे, पण लेखकाला ती असणारच, आणि लेखकही कधीतरी आपल्याच गोष्टीच्या तोंडाशी वाकून बघत उभा असतो.

पेवात नेमके काय होते ते सांगण्याची मला परवानगी नाही. दुसरा एक गट लवकरच तोच डाव खेळणार आहे. भाच्याची शुद्धी निम्म्यावर आली, पत्रकाराने बातमी छापायची नाही असे ठरवले आणि हिशेबनीस वर आलेच नाहीत. नंतरच्या चहावर दोर कोणी बांधला होता, यावर जे रणकंदन झाले ते खुद्द पेवातल्या प्रसंगाहून लांब चालले. पात्र मेले तरी काकांचा उत्साह मावळला नाही. त्यांनी लगोलग कोरा कागद मागून घेतला आणि आता आपण नाटक कंपनीत स्त्रीभूमिका करणारे नट होणार असे जाहीर केले, काळ तसा होताच. फासे पडले. रूपाला तिन्ही फासे मिळून पाच आले. भाच्याने राक्षसाची भूमिका सुचवली, ती त्यांनी अपमान समजून फेटाळली. रंगभूषा, नऊवारी आणि प्रेक्षकांपासूनचे अंतर जमेस धरता पाचावरही नायिका निभावते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. प्राध्यापकांनी तो खोडून काढला आहे, आणि कीपरने निकाल पुढच्या रविवारवर ठेवला आहे.