तुम्ही विचारलंत म्हणून: बायबल वाचतो, मग ख्रिस्ती का झालो नाही?

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. चर्चमधली ओळखीची माणसं प्रेमानं विचारतात, "सर, एवढं शास्त्र वाचालायसा, मग बाप्तिस्मा का घेत न्हाईसा?" आमच्या गल्लीत तोच प्रश्न उलटा होतो: "बाटायचं न्हाई, तर वाचताय कशाला?" आजवर दोघांनाही हसून टोलवलं. आता निवृत्त झालोय, वेळ आहे, तर नीट सांगतो.

बायबलकडं मी भाषेच्या वाटेनं गेलो. मराठी शिकवायचो, आणि एकोणिसाव्या शतकातलं गद्य शिकवायचं तर मिशनऱ्यांना वळसा घालून जाता येत नाही. विल्यम केरीनं बंगालमधल्या सेरामपूरला मराठी नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) छापला १८११ साली, आणि तोही मोडीत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या आणि त्यांचं भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडलं. खुद्द कोल्हापुरात रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट इथंच १८६३ मध्ये जन्मला, आणि पुढं अमेरिकेतल्या कॉलेजांमधली पोरं जगभर मिशनरी म्हणून पाठवणाऱ्या चळवळीचा म्होरक्या झाला. गाववाला म्हणून मला त्याचं उगाचच कौतुक आहे. त्याच्या चळवळीच्या हिशेबात मी अर्थातच तोट्याच्या बाजूला.

भाषेसाठी उघडलेलं पुस्तक मग भाषेपुरतं राहिलं नाही. ओळखीतून एका घरी गुरुवारच्या बायबल अभ्यासाला जाऊ लागलो. चर्चचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेब, एक बँकेतले गृहस्थ, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक नर्स, ज्यांना सगळे सिस्टर म्हणतात, दोन-तीन कॉलेजची मुलं. आल्यावर सलाम, मग चहा, मग वाचन. चहाच्या आधी प्रार्थना होते, तेव्हा मी डोळे मिटत नाही, पण मान खाली घालतो. त्यावर कुणी कधी काही बोललेलं नाही.

तिथंच ईयोबाचं पुस्तक आम्ही ओळीनं वाचलं. सुरुवातीला ईयोबाकडं ७००० मेंढरं, ३००० उंट, ५०० बैलजोड्या, ५०० गाढवी. ७ मुलगे, ३ मुली. सगळं जातं. मग पानंच्या पानं तो देवाला जाब विचारतो आणि मित्र त्याला "तुझंच काहीतरी चुकलं असणार" म्हणून समजावत राहतात. शेवटी देव त्याला सगळं दुप्पट देतो: १४००० मेंढरं, ६००० उंट, १००० बैलजोड्या, १००० गाढवी. मुलं मात्र पुन्हा ७ आणि ३. मी विचारलं, मुलं दुप्पट का नाहीत? सिस्टर लगेच म्हणाल्या, "सर, जनावरं मेली की संपली. लेकरं देवाजवळ हाईतच की. दहा तिथं, दहा इथं. झाली की दुप्पट." त्यांचा स्वतःचा मुलगा गेलेला आहे हे मला ठाऊक होतं. मी पुढं काही बोललो नाही.

पण घरी येऊन पुन्हा वाचलं. तसं तिथं कुठं लिहिलेलं नाही. पुस्तक आकडे देतं आणि गप्प बसतं. सिस्टरना त्या गप्प बसण्यात आशा ऐकू येते. मला नाही येत. आणि तरीही त्याच शेवटच्या अध्यायात देव मित्रांवर रागावतो, आणि माझ्याविषयी खरं बोलला तो ईयोब, असं म्हणतो. देवाची वकिली करणारे चूक आणि तक्रार करणारा बरोबर, हा निकाल खुद्द देवाचा. असं पुस्तक वाचायचं कुणी आणि का सोडावं?

आता मुख्य गोष्ट. कोल्हापुरात राहून याचं सगळ्यात सोयीचं उत्तर तयार असतं: सगळे देव एकच हो! आम्ही अंबाबाईला जातो, जोतिबाला जातो, मोहरमात बाबूजमाल दर्ग्यातल्या पंजांपुढं हात जोडतो, देव्हाऱ्यात आणखी एका फोटोला जागा होईलच. हे म्हटलं की गल्ली खूश होते आणि चर्चमधलेही फार मनावर घेत नाहीत. पण हे उत्तर मला देववत नाही, कारण पुस्तकच ते देऊ देत नाही. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात रोखठोक लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेशही व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. शिकवण चांगली आहे, पटेल तेवढी घ्या, असं तो म्हणत नाही. एक माणूस मेला, त्याला पुरलं, तिसऱ्या दिवशी तो उठला. हे घडलं का, एवढंच तो विचारतो.

मला ते घडलं असं वाटत नाही. येशूचं चरित्र सांगणारी चार शुभवर्तमानं बायबलात आहेत: मत्तय, मार्क, लूक, योहान. त्यातल्या मार्काच्या सगळ्यात जुन्या पूर्ण हस्तलिखितांत गोष्ट रिकाम्या कबरेपाशीच थांबते: बाया घाबरून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत. उठलेल्या येशूच्या भेटी सांगणारी पुढची १२ वचनं त्या हस्तलिखितांत नाहीत. मत्तयात शिष्यांची भेट गालीलात होते, लूकात यरुशलेमात. यानं काही खोटं ठरत नाही, पाळकसाहेब म्हणतात तेही बरोबर. पण छातीवर हात ठेवून "हे झालं" म्हणायला मला तेवढं पुरत नाही.

म्हणून प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकरी आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी मी मागच्या बाकावर बसतो. मंडळीचे वडील भाकरीचे बारीक तुकडे मांडलेलं तबक घेऊन येतात, मागोमाग द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे पेले. तबक आलं की मी ते शेजारच्याकडं सरकवतो. प्रसाद मी कुणाचाही खातो, नास्तिक मित्राच्या बायकोनं घातलेल्या सत्यनारायणाचासुद्धा. हा तुकडा घेत नाही. तो तोंडात घालणं म्हणजे "हे शरीर माझ्यासाठी मोडलं" असं चारचौघांत कबूल करणं. ज्यांना ते खरं वाटतं त्यांच्या शेजारी बसून ते खोटं खाणं मला जमणार नाही.

एका तरुण पाळकांनी मला योहानाच्या पाचव्या अध्यायातलं वचन ऐकवलं होतं. येशू यहुद्यांना म्हणतो, तुम्ही शास्त्रलेख शोधता, ते माझ्याविषयीच साक्ष देतात, तरी माझ्याकडं यायची तुमची इच्छा नाही. बाण बरोबर बसला. मी बरेच दिवस त्यावर विचार केला. एखादी घटना घडली असं मानणं हे इच्छेवर कसं असेल? इच्छा केली म्हणून काल पाऊस पडला होता असं मला वाटायला लागेल का? एवढं म्हणून मी सुटलो असतो. पण त्यात इच्छेचाही भाग आहे, ते लपवत नाही. योहानाच्याच तिसऱ्या अध्यायात विश्वास न ठेवणारा दोषी ठरून चुकला आहे असं आहे. माझी आई दर शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरायची, आणि दारात आलेल्याला उपाशी जाऊ द्यायची नाही. तिला त्या दोषींच्या यादीत बसवणारं वाक्य खरं असावं अशी माझी खरोखरच इच्छा नाही. "ते देवाच्या हाती," असं पाळकसाहेब म्हणतात. त्यांचं मन मोठं आहे. वाक्य मात्र तिथंच आहे.

गल्लीतल्यांना वेगळं सांगतो. वाचलं की बाटतं, ही भीती निदान या गावात शोभत नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांशी त्यांचं घरोब्याचं होतं, त्यांचे मित्र बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. जोतीराव झाले नाहीत. कुठलंच एक पुस्तक सगळंच्या सगळं ईश्वराचं नाही, असं त्यांचं मत पडलं. आणि तरी एकाच घरात बाईनं बौद्ध, नवऱ्यानं ख्रिस्ती, लेकीनं मुसलमान व्हावं आणि सगळ्यांनी गोडीनं राहावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. शाहू महाराजांनी ज्या सत्यशोधक समाजाला बळ दिलं त्याचा हा मूळ पुरुष. तेव्हा माझ्या कपाटातल्या बायबलची काळजी करू नका.

सध्या आम्ही रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात आहोत. देवाला उलट विचारणारा तू कोण, घडलेली वस्तू घडवणाऱ्याला विचारते का, असं पौल म्हणतो आणि कुंभाराचा दाखला देतो. पाळकसाहेबांना त्यात नम्रता दिसते. माझं म्हणणं, हा प्रश्न टाळणं झालं. ईयोबाशी बोलायला निदान देव वावटळीतून स्वतः आला होता. येत्या गुरुवारी यावर आमची जुंपणार आहे. कुणाला यायचं असेल तर या, चहा साडेसहाला असतो.