डिसेंबरातला ३२ किलोमीटरचा लाँग रन: सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, फुटाळा, अंबाझरी

जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी नागपुरात करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ४२.१९५ किलोमीटरसाठी पाय घडवायला आपल्या शहरातल्या हिवाळ्यासारखे दिवस वर्षभरात दुसरे नाहीत. मात्र या थंडीत जमलेला पेस (एक किलोमीटर धावायला लागणारा वेळ) मुंबईच्या दमट हवेत जसाच्या तसा मिळत नाही, हे गृहीत धरूनच इथला सराव करायला हवा.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. पहाटे पाचला लेडीज क्लब चौकातून आम्ही चौघे निघालो. सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे पहिले दीड-पावणेदोन तास अंधारच. चमकणारी पट्टी असलेलं जॅकेट आणि छोटा टॉर्च हवाच. सेमिनरी हिल्सच्या झाडीत दिव्यांमधलं अंतर जास्त वाटतं आणि कुत्रीही असतात. ती अंगावर आली तर पळू नका, थांबून चाला.

जपानी गार्डनपासून चढ सुरू होतो. पहिल्या फेरीत तो मुद्दाम सावकाश घेतला, बोलता येईल इतक्याच वेगाने. टीव्ही टॉवरकडून खाली फुटाळ्याला उतरलो तेव्हा तलावावर धुकं होतं आणि बोटं बधिर झाली होती. हातमोजे घ्या, पण अंगात जाड स्वेटर नको. पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो. पाच-सहा किलोमीटरनंतर अंग तापतंच. शेकोट्यांचा धूर वस्त्यांजवळ साचलेला असतो, तिथे वेग वाढवू नका.

फुटाळ्याहून भरतनगर, अमरावती रोड ओलांडून धरमपेठ आणि तिथून अंबाझरी. हा सपाट भाग, लय इथेच बसते. वाटेत चहाच्या टपरीवाले काका म्हणाले, "थंडी हाय म्हणून पानी सोडू नका ना जी." त्यांचं अगदी खरं आहे. नागपूरची हिवाळी हवा कोरडी, घाम अंगावर दिसायच्या आत वाळतो, आणि तहान लागत नाही म्हणून आपण पीत नाही. साधारण दर अर्ध्या तासाला दोन-चार घोट, त्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू. सोबत खजूर किंवा गुळाचा खडा. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा बहुतेकांचा तिसाव्या किलोमीटरच्या पुढे-मागे संपत येतो. भूक लागायची वाट पाहिली तर उशीर होतो. रोजच्या सरावात जे पचलं तेच शर्यतीत खा. संत्र्याच्या फोडी आमच्यातल्या एकाला छान चालतात, दुसऱ्याला पित्त होतं.

आता या मार्गाचा खरा उपयोग. परत येताना सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्यांदा घ्यायचा, पाय थकलेले असताना. मुंबईत तीस किलोमीटर उलटल्यावर पेडर रोडचा चढ समोर येतो, आणि तिथे ताज्या पायांनी केलेल्या चढाच्या सरावाचा फारसा उपयोग होत नाही. आम्ही पावलं लहान केली, नजर चार-पाच मीटर पुढे ठेवली, घड्याळ पाहिलं नाही. सगळे न चालता वर पोचलो. मला या महिन्यातला सगळ्यात मोठा आनंद त्या वळणावर झाला.

संपल्यावर ओला टी-शर्ट लगेच बदला; पाच मिनिटं उभं राहिलात की हुडहुडी भरते. तर्री पोहे जरूर खा, पण तासाभराने. आधी केळं आणि दूध.

या लांबीचा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी संपवा, मग अंतर कमी करत जा. त्या दिवसांत छोटे रन पहाटेऐवजी सकाळी नऊ-दहाच्या उन्हात करा, म्हणजे शरीराला उष्णतेची थोडी सवय होते. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून मुंबईतले पहिले १० किलोमीटर इथल्या पेसपेक्षा हळूच घ्या.

तिकिटाचं लवकर पाहा. बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) शर्यतीच्या दिवशी मिळत नाही, आधी एक्स्पोला, म्हणजे शर्यतीआधी भरणाऱ्या प्रदर्शनाला, जाऊन घ्यावा लागतो. गुरुवारी रात्रीची गाडी धरली की शुक्रवारी बिब घेऊन होतो आणि शनिवारचा दिवस पायांना पूर्ण विश्रांती देता येते.