अळिंबीच्या अर्काची भुकटी तपासताना

जळगावात औषधांच्या दुकानापासून व्यायामशाळेच्या काउंटरपर्यंत आता रेशी, लायन्स मेन, कॉर्डिसेप्स ही औषधी अळिंबींची नावे छापलेले डबे दिसू लागले आहेत. माझे काम पूरक आहाराचा कच्चा माल तपासण्याचे असल्यामुळे नात्यागोत्यातली माणसे हमखास विचारतात, की ही भुकटी घ्यावी का. होय किंवा नाही म्हणण्याआधी डब्यात नेमके काय आहे हे मला कळावे लागते, आणि ते लेबलवरून क्वचितच कळते. ‘मशरूम एक्स्ट्रॅक्ट’ या दोन शब्दांखाली इतक्या वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, की एका डब्याचा अनुभव दुसऱ्या डब्याला लागू पडेलच असे नाही.

आपल्याकडे थंडीत गव्हाच्या काडावर जी धिंगरी घेतली जाते, ती पाहिलेल्या माणसाला पुढचा मुद्दा लगेच समजेल. पिशवीभर पसरणारे पांढरे तंतू म्हणजे मायसेलियम, आणि पिशवीला भोके पाडल्यावर बाहेर येते ती छत्री, म्हणजे त्या बुरशीचे फळ. औषधी अळिंबीची भुकटी या दोहोंपैकी कशाचीही असू शकते. फळ खुडून घेता येते. पण मायसेलियम ज्वारी, तांदूळ किंवा ओट अशा धान्यावर वाढवले असेल, तर ते दाण्यात इतके गुंतलेले असते की वेगळे काढता येत नाही, आणि मग दाण्यासकट सगळेच वाळवून दळले जाते. अशा भुकटीत धान्याचा स्टार्च भरपूर असतो. मायसेलियम मुळातच निरुपयोगी आहे असे मात्र मी म्हणणार नाही. लायन्स मेनमधील एरिनासिन ही संयुगे मायसेलियममध्येच सापडतात, तर हेरिसेनोन फळात. मायसेलियम टाकीत द्रव माध्यमावर वाढवले असेल, तर धान्याचा प्रश्नही उरत नाही. माझा आक्षेप आहे तो दाण्याचे पीठ अळिंबीच्या भावाने विकण्याला.

ज्याच्यासाठी ही भुकटी प्रामुख्याने घेतली जाते, ते बीटा-ग्लुकन हे तंतुमय कर्बोदक अळिंबीच्या पेशीभित्तिकेत असते. त्या भित्तिकेत कायटिन हा चिवट घटकही असतो, आणि तो आपल्या पचनसंस्थेला सहजासहजी दाद देत नाही. म्हणून वाळवलेली फळे बारीक करून पाण्यात काही तास उकळतात, गाळतात, निर्वात भांड्यात काढा आटवतात आणि गरम हवेच्या फवाऱ्यात त्याची भुकटी करतात. रेशीतील ट्रायटर्पेन ही संयुगे पाण्यात नीट उतरत नाहीत, त्यासाठी अल्कोहोल लागते. दोन्ही अर्क एकत्र केले की त्या मालाला ‘ड्युअल एक्स्ट्रॅक्ट’ म्हणतात. हे ट्रायटर्पेन कडू असतात. रेशीचा अल्कोहोलमधला अर्क जिभेवर ठेवला आणि कडवट लागला नाही, तर मी तो नमुना बाजूला ठेवतो. ही काही प्रमाणित चाचणी नव्हे, पण प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत जीभ बरेच काही सांगून जाते.

आटवलेला काढा चिकट असतो आणि फवाऱ्यात नुसता वाळत नाही, म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पांढरी भुकटी, मिसळतात. थोडे मिसळणे ही तांत्रिक गरज आहे, आणि पावसाळ्यात आमच्या गोदामात ड्रम उघडल्यावर भुकटीचा गोळा होऊ नये म्हणून मलाही ते हवेच असते. मात्र ते किती घातले हे सांगितले गेले नाही, तर स्वस्त भर आणि खरा अर्क यांत फरक करणे कठीण होते. त्यातच लेबलवर ‘पॉलिसॅकराइड ५० टक्के’ असे लिहिलेले असते. पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या लांब साखळ्यांची कर्बोदके; ती मोजण्याची जी फिनॉल आणि सल्फ्युरिक आम्लाची पद्धत सर्रास वापरली जाते, ती सगळीच कर्बोदके एका मापात धरते. बीटा-ग्लुकन, धान्याचा स्टार्च आणि माल्टोडेक्स्ट्रिन यांत तिला भेद करता येत नाही. म्हणजे भर जितकी जास्त, तितका हा आकडा चांगला दिसतो! मी पुरवठादाराकडे मागतो तो बीटा-ग्लुकनचा वेगळा आकडा. तो एन्झाइमच्या पद्धतीने काढतात: आधी एकूण ग्लुकन, मग अल्फा-ग्लुकन, म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि वजाबाकी करून उरते ते बीटा. अहवालात अल्फाचा आकडा बीटाहून मोठा असेल, तर वरचे नाव काहीही असो, ती खरेदी मी करत नाही.

‘१०:१’ या प्रमाणाचेही असेच आहे. दहा किलो सुक्या अळिंबीपासून एक किलो अर्क निघाला, एवढाच त्याचा अर्थ. त्या एका किलोत काय उतरले, हे ते प्रमाण सांगत नाही.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. चमचाभर भुकटी पाण्यात उकळावी, गार झाल्यावर पाणी घालून फिकी करावी आणि जखमेवर लावायच्या आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा-काळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे. रंग आला नाही म्हणून माल शुद्ध ठरत नाही, कारण माल्टोडेक्स्ट्रिन तसा निळा रंग देत नाही, आणि अर्क गडद असेल तर काहीच दिसत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांतील फक्त ५ लेबलशी जुळली. तेव्हा ही तक्रार केवळ आपल्या बाजारापुरती नाही.

आता उपयोगाविषयी. जपानमध्ये टर्की टेल या अळिंबीपासून काढलेल्या पीएसके या औषधाला १९७७ मध्ये आणि शिताकेपासून काढलेल्या लेंटिनानला १९८५ मध्ये कर्करोगाच्या उपचारांना जोड म्हणून मान्यता मिळाली होती. पण ती शुद्ध केलेली औषधे होती, लेंटिनान तर शिरेतून द्यायचे, आणि दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्या पुण्याईवर डब्यातल्या भुकटीने हक्क सांगू नये. रेशी आणि हृदयविकाराचे धोके यांवरील २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात (झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात) उपयोगाला पुरेसा आधार सापडला नाही. लायन्स मेनचा २००९ मधील जपानी प्रयोग सगळेच सांगतात: सौम्य स्मृतिदोष असलेल्या, ५० ते ८० वर्षे वयाच्या ३० जणांवर १६ आठवडे तो चालला, आणि भुकटी घेणाऱ्यांचे स्मृती-आकलनाच्या चाचणीतले गुण वाढले. मात्र त्यांना दिवसाला सुमारे ३ ग्रॅम भुकटी दिली जात होती आणि बंद केल्यावर चार आठवड्यांत गुण पुन्हा उतरले, हे जाहिरातीत येत नाही. कॉफीच्या पुडीत चिमूटभर लायन्स मेन घालून तोच परिणाम सांगणे मला पटत नाही.

चोपडा, यावल भागातले तरुण शेतकरी मला वेगळेच विचारतात: कॉर्डिसेप्सची शेती करावी का? हिमालयात मिळणारी कीडाजडी वेगळी; घरातल्या खोलीत बरणीत भातावर घेतात ती कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. तिला विशीच्या आसपासचे तापमान आणि काटेकोर निर्जंतुकता लागते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या आपल्या मुलखात एसीचे बिल आणि भारनियमन यांचा हिशेब आधी मांडावा. प्रशिक्षणाचे शुल्क घेऊन माल परत विकत घेण्याची तोंडी हमी देणारे पुष्कळ भेटतात. ती हमी दर आणि प्रतवारीसह कागदावर घ्यावी, आणि प्रतवारी कॉर्डिसेपिन या तिच्यातल्या संयुगाच्या कोणत्या चाचणीवर ठरणार हेही त्यात लिहून घ्यावे.

पावसाळ्यात जुन्या बाभळीच्या नाहीतर गुलमोहराच्या बुंध्याशी लालसर, वार्निश दिल्यासारखी चकचकीत अळिंबी उगवते. ती गॅनोडर्मा कुळातली असते, हे खरे. पण बाजारात रेशी म्हणून मिळणारी बरीच पूर्व आशियाई अळिंबी ही गॅनोडर्मा लिंगझी ही वेगळी जात आहे, हे संशोधकांनी २०१२ मध्ये मांडले. तेव्हा दिसायला सारखी म्हणून बांधावरची उकळून पिऊ नये. अळिंबी जमिनीतले आणि हवेतले जड धातूही ओढून घेते, म्हणून विकतच्या अर्कालाही शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचा त्या बॅचचा अहवाल हवा.

डब्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि औषधी वापरासाठी नाही ही सूचना असते. ती सूचना विकणाऱ्यालाही वाचून दाखवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेशी घेऊ नये, कारण ती रक्तस्राव वाढवू शकते. तिच्या भुकटीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी चागा या अळिंबीपासून दूर राहावे, कारण तिच्यात ऑक्झलेट फार असते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी यातली कोणतीच भुकटी स्वतःच्या मनाने सुरू करू नये.