पारोळा गेला परळला

मी अमळनेरचा. गेल्या कापसाच्या सीझनला घरबसल्या एक छोटी साइट बनवली, जळगाव जिल्ह्याच्या 15 तालुक्यांचे कापूस न् केळीचे भाव एका जागी दिसावेत म्हणून, जँगोमध्ये (पायथन भाषेतलं साइट बनवायचं फ्रेमवर्क). भाव गोळा करणं जड जाईल असं वाटलेलं, पण घाम काढला तो पत्त्यांनी, म्हणजे यूआरएलनी.

आधी तालुका नुसत्या नंबरने उघडायचा, पत्त्याच्या शेवटी 7 नाहीतर 11, बघणाऱ्याला काय कळणार? म्हटलं गावाचं नाव पाहिजे, तेही मराठीत. जँगोच्या स्लगिफायला (नावावरून पत्त्यात टाकायचा तुकडा, म्हणजे स्लग, बनवणारं फंक्शन) नाव दिलं तर रिकामी स्ट्रिंग परत, कारण ते मुळात देवनागरी ठेवतच नाही, मग युनिकोडचा ऑप्शन चालू केला, राउटमध्ये, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठलं पान ते सांगणाऱ्या ओळीत, स्लग कन्व्हर्टर (तुकड्यात कुठली अक्षरं चालतील ते ठरवणारा) काढून साधा स्ट्रिंगवाला टाकला (स्लगवाल्याला पण देवनागरी चालत नाही), लिंका बनल्या, मी खूश, नीट न बघताच पारोळ्याच्या मामाला पाठवली. पानाचं हेडिंगही आळशीपणाने स्लगवरूनच घेतलेलं. पाच मिनिटांत मामाचा फोन, "काय भो, पारोळा मुंबईमा कवय गया?"

हेडिंगला चक्क "परळ" लिहिलेलं! काना, मात्रा, वेलांट्या सगळं साफ. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये \w (अक्षर-आकडे ओळखायची खूण) आपल्या मात्रांना अक्षर मानत नाही, न् स्लगिफाय त्यावरच चालतं. मग बाकीचे बघितले तर चोपड्याचं चपड, भुसावळचं भसवळ. मात्रा टिकवायचं जमवलं असतं हो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर देवनागरी पत्ता टक्क्यांच्या चिन्हांत जातो, एका अक्षराचे 3 बाइट, काना-मात्रेचे वेगळे 3, प्रत्येक बाइटची 3 चिन्हं, म्हणजे पारोळा लिहायला 54. ती लांबलचक माळ बघून कोण लिंक दाबणार? त्यामुळे हौस सोडली, 15 स्लग रोमनमध्ये हाताने टाकले, नावापासून वेगळ्या कॉलममध्ये. मुक्ताईनगरला आमच्याकडची जुनी माणसं एदलाबाद म्हणतात, नावं बदलत असतात, पत्ता बदलायला नको.

मग "आजचे भाव" पान उघडेना. जँगो राउट वरून खाली बघतो, पहिला जुळला की थांबतो, आणि माझा तालुक्याचा राउट वर होता, त्यामुळे तो "आज" नावाचा तालुका शोधत बसायचा. आजवाली ओळ वर नेली, काम झालं. हे शोधायला एक अख्खी संध्याकाळ गेली ते सांगायला लाज वाटते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) पत्ते हाताने लिहिलेले. स्लग बदलले तेव्हा फाइंड-रिप्लेस मारलं, तरी फूटरमधल्या दोन लिंका राहिल्याच. शेवटी प्रत्येक राउटला नाव दिलं, टेम्प्लेटमध्ये यूआरएल टॅग न् कोडमध्ये रिव्हर्स, दोन्ही त्या नावावरून पत्ता बनवून देतात, पत्ता कसा दिसतो ते आता एकाच फाइलला माहीत. यात तालुका द्यायला विसरलो की नोरिव्हर्समॅच नावाची एरर येऊन अख्खं पान पडतं, सुरुवातीला लई वैताग यायचा, पण मला तेच बरं वाटतं, माझ्यासमोर पडतं ना, हाताने लिहिलेली तुटकी लिंक गपचूप शेतकऱ्याला 404 दाखवते न् आपल्याला पत्ताही नसतो.

शेअर बटणाचं वेगळंच. रिव्हर्स डोमेन देत नाही, म्हणून बिल्ड अ‍ॅब्सोल्युट यूआरआय वापरलं, ते होस्ट, म्हणजे साइटचं नाव, रिक्वेस्टमधून उचलतं, आणि मी एनजिनएक्समध्ये (जँगोच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर) होस्ट हेडर पुढे पाठवलाच नव्हता, तर लोकांना 127.0.0.1 च्या, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याच्या, लिंका गेल्या. एका हेडरच्या ओळीत मिटलं.

जुन्या नंबरवाल्या पत्त्यांना रिडायरेक्ट लावला, आधी आठवडाभर 302 (तात्पुरता), कारण 301 (कायमचा) ब्राउझर लक्षात ठेवून बसतो न् चुकलं तर निस्तरणं अवघड. मामाच्या ग्रुपवर अजून ती 11 नंबरचीच लिंक फिरते. दाबली की पारोळा उघडतो, मात्रांसकट.