घरी बनवलेली एचिंगची उभी टाकी : माझा अनुभव

एचिंग म्हणजे सर्किट बोर्डावरचं नको असलेलं तांबं रसायनाने विरघळवून काढणं. त्यासाठी फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बोर्ड टाकायचा आणि ट्रे हलवत बसायचं, असं मी बरीच वर्षं केलं. जाड ट्रॅक, म्हणजे बोर्डावर राहणाऱ्या तांब्याच्या रेषा, असल्या तर निभावतं. पण आयसीच्या (चिपच्या) दोन पायांमधून ट्रॅक न्यायचा असला की ट्रेचा भरवसा नाही. कडेचं तांबं आधी निघतं, मधलं तसंच राहतं, आणि ते निघेपर्यंत कडेचे ट्रॅक टोनरच्या, म्हणजे ट्रॅक झाकणाऱ्या लेझर प्रिंटरच्या शाईच्या, खालून कुरतडले जातात. तयार टाक्या मिळतात, पण हौशी माणसाच्या खिशाला त्या जड. शेवटी ठाण्यातच सामान जमवलं.

टाकी उभी आणि अरुंद हवी, हे सगळ्यात महत्त्वाचं. मग द्रावण कमी लागतं आणि बोर्डाच्या दोन्ही बाजूंना ते सारखं पोचतं. नौपाड्यातल्या एका अ‍ॅक्वेरियमवाल्याकडून काच कापून घेतली. माप सांगितल्यावर तो म्हणाला, "काका, एवढ्याशा जागेत मासा वळणार कसा?" आतून ३० सेंटिमीटर लांब, २२ उंच आणि रुंदी फक्त साडेतीन. १७ सेंटिमीटरपर्यंत भरली की पावणेदोन लिटर द्रावण पुरतं. सांधे सिलिकॉनचे. ते नीट वाळू द्यायचं आणि आधी साधं पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचं. गळती असली तर कागद लगेच सांगतो.

द्रावण हलतं ठेवणाऱ्या बुडबुड्यांसाठी माशांच्या टाकीचाच छोटा एअर पंप. एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे करणारा सच्छिद्र दगड) मी वापरला नाही, कारण काही दगड आम्लात झिजतात. पंपाच्या प्लास्टिक नळीचं टोक बंद केलं, तापवलेल्या सुईने ओळीत भोकं पाडली आणि नळी तळाला बसवली. भोकं अगदी बारीक हवीत, नाहीतर सगळी हवा पहिल्या दोन-तीन भोकांतूनच निघून जाते. पंप मात्र द्रावणाच्या पातळीपेक्षा वर ठेवा. वीज गेली की द्रावण नळीतून उलटं चढतं आणि पंप संपतो.

एका टोकाला काचेचा हीटर उभा केला. स्टीलचा अजिबात नको, फेरिक स्टीललाही सोडत नाही. द्रावण ४० ते ५० अंशांवर झपाट्याने काम करतं, पण माशांचा हीटर साधारण ३२ ते ३४ वरच थांबतो. म्हणून द्रावणाची बाटली आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवतो आणि कोमट झाली की टाकीत ओततो. हीटर बुडल्याशिवाय चालू करायचा नाही, आणि हात घालण्याआधी प्लग काढायचाच.

द्रावणासाठी पाण्यात फेरिक क्लोराइडची पूड थोडी थोडी टाकायची, पुडीवर पाणी कधीच ओतायचं नाही. विरघळताना ते चांगलंच तापतं. हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी हवीच. पुडीचा डबा घट्ट लावा, आपल्याकडच्या पावसाळी हवेत तिचा बघता बघता चिखल होतो.

पहिला बोर्ड प्लास्टिकच्या चिमट्याला लटकवून सोडला तेव्हा मी टाकीसमोरून हललोच नाही. ३५ मायक्रॉन तांब्याला ट्रेमध्ये अर्धा तास सहज जायचा. इथे दहा-बारा मिनिटांत सगळा बोर्ड जवळजवळ एकदमच मोकळा झाला. भिंगाखाली बारीक ट्रॅकच्या कडा सरळ दिसल्या. खरा फायदा वेळेचा नाही, या कडांचा आहे. फेरिक टोनरच्या खाली आडवं शिरायच्या आत बोर्ड बाहेर येतो.

काम झालं की द्रावण परत प्लास्टिकच्या बाटलीत. उघड्या टाकीच्या वाफेने शेजारच्या पकडी आणि ड्रिलचे बिट गंजतात.

थकलेलं, हिरवट झालेलं द्रावण मोरीत ओतू नका, हे मी हात जोडून सांगतो. त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि पाण्यातल्या जिवांना ते विषारी आहे. आपले नाले शेवटी ठाणे खाडीत जातात, आणि ती खाडी २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. मी मोठ्या बादलीत धुण्याचा सोडा चिमूट-चिमूट घालतो. फसफसणं थांबेपर्यंत थांबतो, मग पुन्हा घालतो. गाळ खाली बसतो. तो वाळवून, बंद डब्यात, नाव लिहून ठेवतो आणि घातक कचरा रीतसर तळोज्याच्या प्रक्रिया केंद्राकडे पाठवणाऱ्या ओळखीच्या कारखानदाराला विचारून त्याच्याकडे देतो.